त्याग कोणाच्या खाती जमा?

शिकवण्यासाठी घरदार सोडून लांबच्या गावी गेलेल्या माणसाबद्दल मराठी मनात आदर असतो. त्याच्या चरित्रात पहिल्या दोन-चार पानांतच ‘त्याग’ येतो आणि पुढे कोणी हिशेब मागत नाही. त्याने नेमकं काय सोडलं? जे सोडलं ते त्याचं एकट्याचं होतं का? दुसऱ्याच्या वाट्याचं सोडून दिलं, तर त्यालाही त्यागच म्हणायचं का? प्रश्न धर्मशास्त्राचा आहे, पण सातारा-सांगलीच्या पट्ट्यात तो गेल्या दीडशे वर्षांत खऱ्याखुऱ्या घरांमध्ये, चुलीपाशी आणि पगाराच्या आकड्यापाशी येऊन उभा राहिला आहे.

शिक्षकाने मुळात कुठे जावं की जाऊ नये, याबद्दलच भारतीय परंपरेत दोन मतं आहेत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीतला आचार्य जागचा हलत नाही. पाणी उताराकडे धावतं तसे विद्यार्थी चहूकडून आपल्याकडे यावेत, अशी तो प्रार्थना करतो. पण त्याआधी त्याने स्वतःसाठी वस्त्रं, गाई, अन्न आणि पाणी मागून घेतलेलं असतं, तेही कायमचं. आधी श्री, मग शिष्य, असा त्याचा क्रम आहे. दारिद्र्य हा विद्येचा दागिना आहे असं त्या ऋषीला काही वाटत नव्हतं.

श्रमण परंपरेचं उलटं. तिथे शिकवणाराच चालतो. जैन मुनी चातुर्मास सोडला तर एका गावी मुक्काम ठोकत नाहीत. बौद्ध भिक्खूंना एकाच वाटेने दोघांनी जाऊ नये अशी आज्ञा होती. मज्झिम निकायात पुण्ण नावाच्या भिक्खूची गोष्ट आहे. तो सुनापरान्त देशी जायला निघतो. हा देश म्हणजे आपल्या कोकणाची पट्टी, असं बरेच अभ्यासक मानतात. संस्कृत अवदानात तर हा पुण्ण, तिथला ‘पूर्ण’, थेट शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या सोपाऱ्याचा आहे. बुद्ध त्याला विचारतात, तिथले लोक तापट आहेत, शिव्या दिल्या तर काय करशील? हात उगारला नाही म्हणजे लोक भलेच, असं समजेन, असं पुण्ण म्हणतो. आणि हात उगारला तर? दगड मारला नाही, हे काय थोडं झालं? प्रश्न दगडापासून काठीवर, काठीपासून शस्त्रावर आणि शेवटी जिवावर जातो. पुण्णाचं उत्तर डळमळत नाही. नव्या गावी पहिल्यांदा शिकवायला जाणाऱ्याची एवढी कडक मुलाखत क्वचितच कोणी घेतली असेल.

मात्र या मुलाखतीत एक प्रश्न नाही: घरी कोण आहे? कारण पुण्णाला घरच उरलेलं नव्हतं. त्याचा घास उपासकांच्या पात्रातून येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर देह ठेवणाऱ्या समर्थ रामदासांनीही आपले शिष्य दूरदूर धाडले. कल्याणस्वामी डोमगावला राहिले, काही मठ थेट तंजावरात उभे राहिले. दासबोधात भिक्षेवर स्वतंत्र समास आहे, आणि भिक्षा हे पोट भरण्याइतकंच मुलूख आणि माणसं पारखण्याचं साधन आहे, असा त्यातला सूर आहे. भिक्षा दारात उभं राहून, सगळ्यांच्या देखत मागायची असते. म्हणजे त्यागी माणसाला कोण पोसतंय, हे गावाला दिसत असे.

ख्रिस्ती धर्मप्रसारकांचंही असंच. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरला आणि १५४९ च्या ऑगस्टमध्ये जपानच्या कागोशिमाला पोचला. भाषेसाठी तो अंजिरो या जपानी माणसावर अवलंबून होता, ज्याचा बाप्तिस्मा गोव्यातच झाला होता. झेवियर जेझुइट, म्हणजे दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या शपथांनी बांधलेला. मागे बायकापोरं नव्हती, आणि त्याच्या कामाला पोर्तुगालच्या राजाचा आश्रय होता. इथेही खर्चाचा धनी उघड होता.

एकोणिसाव्या शतकात पुण्यात या हिशेबाचा गुंता झाला. कऱ्हाडजवळच्या टेंभूत १४ जुलै १८५६ रोजी जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी कॉलेजात असतानाच आईला कळवलं होतं की, मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा तिने धरू नये. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ तो लोकांसाठी घालवणार. टिळक, चिपळूणकर यांनी १८८० च्या सुरुवातीलाच न्यू इंग्लिश स्कूल काढली, तीत आगरकर लवकरच आले, आणि १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. आजीव सभासदांनी थोड्या पगारावर जन्म द्यायचा, बाहेरची कमाई करायची नाही, ही कल्पना जेझुइटांवरून घेतलेली. टिळक तसं उघड म्हणतही. फरक एवढाच की, हे सगळे आजीव सभासद संसारी होते.

फरक लवकरच बोचू लागला. पगारवाढ मागावी की नाही, संस्थेबाहेर काम करून चार पैसे मिळवावेत की नाही, यावर खडाजंगी झाली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं, तोही वादाचा विषय झाला. १८९० मध्ये टिळकांनी सविस्तर पत्र लिहून राजीनामा दिला. समाजसुधारणेवरची भांडणं लोकांच्या लक्षात राहिली, पण सोसायटीतली फूट पडली ती या मुद्द्यावर: व्रत घेतलेल्या माणसाने सवलत मागायची का? टिळकांचं म्हणणं सरळ होतं, शब्द दिला म्हणजे दिला. आगरकरांची बाजूही तितकीच सरळ होती. शिक्षकाच्या घरात दुखणी असतात, पोरं असतात, आणि त्यांनी कोणताही शब्द दिलेला नसतो.

या वादात आगरकर अधिक अडचणीच्या जागी उभे होते, कारण ते अज्ञेयवादी होते. परलोकात पुण्य जमा होतं असं मानणाऱ्याला इथला तोटा तिथे भरून निघाल्याचं समाधान तरी असतं. आगरकरांना ती सोय नव्हती. इथला हिशेब इथेच जुळला पाहिजे. दम्याने जर्जर होऊन १८९५ मध्ये ते गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. स्वतःच्या दहनापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवले होते, असं सांगितलं जातं. मागे यशोदाबाई आणि मुलं राहिली.

गीतेच्या अठराव्या अध्यायात संन्यास आणि त्याग वेगळे केले आहेत. फळाची इच्छा धरून केलेली कर्मं सोडणं हा संन्यास, आणि कर्म करत राहून त्याचं फळ सोडणं हा त्याग. पुढे मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिताना टिळकांनी दुसऱ्या वाटेचाच कैवार घेतला. पण फळ सोडणारा फक्त आपलंच फळ सोडू शकतो. पगार हे एका माणसाचं फळ आहे की त्याच्या ताटावर बसणाऱ्या पाच जणांचं, याचं उत्तर गीता देत नाही. सातारा-सांगलीच्या भागातल्या दुसऱ्या एका धर्माने मात्र त्याची नीट व्यवस्था लावली आहे.

सांगली-कोल्हापूरच्या वारणा-कृष्णाकाठी जैन शेतकऱ्यांची जुनी वस्ती आहे. जैन आचारात मुनींची महाव्रतं वेगळी आणि गृहस्थांची अणुव्रतं वेगळी. मुनीने काहीच जवळ ठेवायचं नाही. गृहस्थाने मात्र आपल्या मालमत्तेला मर्यादा घालून घ्यायची, त्याला परिग्रह-परिमाण म्हणतात. मर्यादा किती, हे घरचा आवाका बघून ठरवायचं. गृहस्थाने मुनीचं व्रत अर्धवट पाळावं, अशी अपेक्षाच नाही. पुण्याच्या आजीव सभासदांना जे सूत्र सापडत नव्हतं, ते वारणाकाठच्या एखाद्या श्रावकाला पाठ होतं.

याच वस्तीतल्या कुंभोज गावी १८८७ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांचा जन्म झाला. मिरजेजवळच्या दुधगावात त्यांनी तरुणपणीच मित्रांबरोबर विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढण्यात हात घातला. साताऱ्यात शिकवण्या घेऊन ते पाटील मास्तर झाले, किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. आगरकरांचं टेंभू याच तालुक्यातलं. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन कॉलेज काढलं, आणि पुण्यातली ती जुनी आजीव सेवेची शिस्त कृष्णाकाठी आली.

१९२४ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण केलं. त्या काळातला एक प्रसंग रयतच्या प्रत्येक शाळेत सांगितला जातो. भाऊराव बाहेरगावी, कोठीत धान्याचा कण नाही, मुलं भुकेली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि मुलांच्या पानात अन्न पडलं. बाकीचं सोनं आधीच याच वाटेने गेलेलं होतं. १९३० मध्ये त्या वारल्या.

भाषणांत हा प्रसंग कर्मवीरांच्या त्यागाचा कळस म्हणून येतो. नीट पाहिलं तर त्या दिवशी भाऊरावांनी काहीच सोडलं नव्हतं. ते तर गावातही नव्हते. सोडलं ते लक्ष्मीबाईंनी, आणि त्या कोणत्याही संस्थेच्या आजीव सभासद नव्हत्या. जैन घरातल्या स्त्रीने सौभाग्याचं लेणं स्वतःच्या हाताने उतरवणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, हे वेगळं सांगायला नको. इथे त्याग आहेच, फक्त त्यावर नाव दुसऱ्याचं पडतं.

भाऊरावांनी नंतर जे उभारलं, त्यातून हा हिशेब त्यांना कळला होता असं दिसतं. स्वावलंबन हे रयतचं ब्रीद झालं. मुलांनी शेतात राबावं, स्वयंपाक करावा, दगड फोडावेत. गावाने धान्य घालावं. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज निघालं, आणि जिथे शाळाच नव्हती अशा शेकडो खेड्यांत व्हॉलंटरी शाळा निघाल्या. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ सुरू झालं. भार कोणा एका घराच्या माजघरात दडून राहू नये, गावात उघड वाटला जावा, अशी ही रचना. रामदासी भिक्षेतला उघडेपणा इथे घामाच्या रूपात परत आला. आक्षेप अर्थात निघतोच: ज्या घरांत मुलाच्या हाताची शेतीला गरज होती, त्याच मुलाला शाळेतही कुदळ दिली गेली. श्रीमंताच्या पोराला हे कोणी सांगितलं नव्हतं.

सांगलीचेच वि. स. खांडेकर १९२० मध्ये कोकणातल्या शिरोड्याला शिकवायला गेले. वय बावीस. ट्यूटोरियल इंग्लिश स्कूल तुटपुंज्या पैशांवर चालणारी, समुद्राकाठच्या खेड्यातली शाळा. तिथे ते अठरा वर्षं राहिले, तिथेच त्यांच्या पहिल्या कादंबऱ्या लिहून झाल्या, लग्नही शिरोड्यातल्याच काळातलं. १९३० चा मिठाचा सत्याग्रह त्यांनी गावातच पाहिला. आणि १९३८ मध्ये ते कोल्हापूरला, चित्रपटांच्या कथा लिहायला निघून गेले. सिनेमाच्या पैशाला ते भुलले, असं म्हणणारे तेव्हा होते. पण मुनीचं व्रत त्यांनी कधी घेतलंच नव्हतं. गृहस्थाने अठरा वर्षं एक मर्यादा पाळली, मग घर पाहून ती बदलली. उपभोग आणि संयम यांचा झगडा मांडणारी ‘ययाति’ १९५९ मध्ये या माणसाने लिहावी, आणि तिला पुढे ज्ञानपीठ मिळावं, यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नाही.

हा हिशेब आजही मिटलेला नाही. महाराष्ट्रात २००० साली शिक्षणसेवक योजना आली. नव्या शिक्षकाने पहिली तीन वर्षं मानधनावर काढायची. प्राथमिकला तेव्हा महिना तीन हजार रुपये मिळत. २०२३ पासून ते सोळा हजार झालं. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झालेला पलूस किंवा कोरेगावचा मुलगा गडचिरोलीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू होतो, खोली भाड्याने घेतो, माडिया बोलणाऱ्या मुलांसमोर पहिला तास घेतो. गावाकडे त्याच्या सत्काराला सेवाभाव, त्याग हे शब्द ठरलेले असतात. त्याचं भाडं, प्रवास आणि मोटरसायकलचा हप्ता यांचं गणित मात्र त्या मानधनात बसत नाही. कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की बापच पोराच्या खात्यावर पैसे टाकतो, आणि सोसायटीच्या कर्जाचा हप्ता पुढच्या गाळप हंगामावर ढकलतो.