अभय आणि सुईची भीती

मागच्या सत्संगानंतर एक भगिनी थांबल्या. त्यांना बरीच वर्षे संधिवात आहे आणि रोगप्रतिकारशक्ती दाबून ठेवणारे औषध चालू आहे. डॉक्टरांनी फ्लूची लस सुचवली होती. त्या म्हणाल्या, "माझ्या आजारात लस घेणे योग्य नाही, असे मला आतून वाटते." मी विचारले, "ताई, हीच लस गोळी म्हणून मिळाली असती तर?" त्या हसल्या, आणि लगेच डोळ्यांत पाणी आले. "गोळी कालच घेतली असती."

भगवद्गीतेच्या १६व्या अध्यायात दैवी गुणांची गणना अभयापासून सुरू होते. पण भय क्वचितच स्वतःच्या नावाने येते. कधी ते 'आतला आवाज' होऊन येते, कधी प्रारब्ध होऊन, तर कधी 'या देहाची एवढी काळजी कशाला' असे वैराग्याचे वस्त्र पांघरून. त्याला त्याच्या नावाने हाक मारणे हा विवेक.

ताईंच्या मनात दोन प्रश्न गुंतले होते. पहिला औषधाचा. त्याचे उत्तर ध्यानात मिळत नाही, डॉक्टरांकडे मिळते. अशा औषधांवर असताना जिवंत विषाणूंच्या लसी सहसा टाळतात. फ्लूची निष्क्रिय विषाणूंची लस मात्र मुद्दाम सुचवतात, कारण संसर्गाचा धोका अशांनाच जास्त. औषध काही दिवस पुढे ढकलायचे का, तेही डॉक्टरांनीच ठरवायचे. स्वतःहून थांबवू नये.

दुसरा प्रश्न सुईचा. त्यात लाज कसली? सुई पाहून काहींचा रक्तदाब आधी वाढतो, मग एकदम उतरतो आणि भोवळ येते. आपण साधकांना नेहमी सांगतो, शरीर सैल सोडा. मीही वर्षानुवर्षे हेच सांगत आलो; पण भोवळ येणाऱ्यांना ते उलटे पडू शकते. त्यांनी मांड्या व पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद आवळावेत, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडावेत, अर्धा मिनिट थांबून पुन्हा, असे पाच वेळा. सांधे दुखत असतील तर मुठी आवळू नयेत. सुई टोचायचा दंड सैलच ठेवावा.

ताईंनी वहीत डॉक्टरांसाठी प्रश्न लिहिले. शेवटचा अगदी बारीक अक्षरात होता: "झोपून घेतली तर चालेल का?"

मी म्हटले, "चालते. पण हा प्रश्न सर्वांत वर लिहा."