भरवसा कसा शिकावा? लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्रातून बोध

वाचनाचे भाग: मार्क ४:२६-२९; यिर्मया १७:५-८



प्रभूने देवाच्या राज्याविषयी जे दाखले दिले, त्यांत एक अगदी लहान दाखला आहे, व तो मार्काच्या शुभवर्तमानाशिवाय अन्यत्र सापडत नाही. एक मनुष्य शेतात बी टाकतो आणि आपल्या नित्याच्या कामास लागतो. रात्री तो झोपी जातो, सकाळी उठतो. आणि बी त्याच्या नकळत मातीखाली आपले काम करीत राहते. आधी पाते दिसते, पुढे कणीस निसवते, शेवटी दाणा भरतो. हे सर्व कसे घडते ते त्या मनुष्यास सांगता येत नाही. परंतु कापणीची वेळ आली म्हणजे विळा कोणी लावावयाचा हे त्यास ठाऊक असते.

आमचे बहुतेक वाचक शेतात वाढलेले आहेत, म्हणून ह्या दाखल्याचा अर्थ फोडून सांगण्याचे प्रयोजन नाही. पण शेतात जो धीर आपण धरतो, तो आत्म्याच्या कामी मात्र धरीत नाही. ज्वारी पेरून दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहणारा मनुष्य गावात हास्यास्पद होईल; परंतु प्रार्थना करून दुसऱ्या दिवशी मन उकरून पाहणारे आपणांत थोडे नाहीत. मनात भरवसा सापडला नाही म्हणजे आपण म्हणतो, बी वाया गेले.

ह्या उतावीळपणास हल्ली घरोघरच्या दूरचित्रवाणीने बळ दिले आहे. मालिकेतील कुटुंबावर संकट येते, आणि थोड्याच भागांत त्याचा निकाल लागतो. दिवसामागून दिवस असे पाहत गेल्याने आपल्या संकटांचाही निकाल तसाच झटपट लागावा अशी अपेक्षा मनात शिरते. आम्ही त्या यंत्राची निंदा करीत नाही. त्याच पडद्यावर एकदा अशी एक स्त्री आली, की तिच्यापासून आपण सर्वांनी देवावर भरवसा ठेवण्याचा धडा घ्यावा. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत विजया मेहता ह्यांनी दूरदर्शनासाठी ‘स्मृतिचित्रे’ नावाचा चित्रपट केला. त्याची नायिका कल्पित नव्हे. ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई. आणि तिची कथा १९३४ पासून १९३६ पर्यंत चार भागांत प्रसिद्ध झालेल्या तिच्या स्वतःच्या ग्रंथातून घेतलेली आहे. पडद्यावर तिची वर्षे काही घटकांत सरतात. तिला मात्र त्यांतला एकेक दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काढावा लागला. चित्रपट पाहणाऱ्याने आणि ग्रंथ वाचणाऱ्याने ही गोष्ट प्रथम ध्यानात धरावी.

आम्हां नागपूरकरांचा ह्या कथेशी जवळचा संबंध आहे. १८९० नंतरच्या काळात टिळक नागपुरात श्रीमंत आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाने राहत होते व ‘ऋषि’ नावाचे मासिक चालवीत होते. १८९३ साली ते नोकरीसाठी राजनांदगावास निघाले. भंडारा, गोंदियावरून आजही आपण ज्या लोहमार्गाने जातो, त्याच मार्गावरील गाडीच्या डब्यात त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांच्या हाती नवा करार दिला, आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळक वाचू लागले, व डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस मुंबई येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. एका अनोळखी माणसाने धावत्या गाडीत बी टाकले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. ते कसे रुजले हे पाहण्यास तो तेथे बसून राहिला नाही.

परंतु आज आम्हांस टिळकांविषयी नव्हे, त्यांच्या पत्नीविषयी बोलावयाचे आहे.

त्या बाईची वाढ कशी झाली होती ते पाहा. तिचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत इतके कडक, की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्यावाचून ते आत घेत नसत; मीठदेखील त्यातून सुटत नसे. अकराबारा वर्षांच्या वयात तिचे लग्न झाले. पती बुद्धिमान, कवी, उदार. परंतु तापट, आणि केव्हा घरातून निघून जाईल व केव्हा परत येईल ह्याचा नेम नसलेला. ही गोष्ट तिने आपल्या ग्रंथात झाकून ठेविली नाही, आणि कडवटपणानेही सांगितली नाही. अशा बाईस एके दिवशी कळते की, पती ख्रिस्ती झाला. त्या काळच्या ब्राह्मण घरात ह्याचा अर्थ असा, की पती जिवंत असता संसार मेला. दुःखाने तिचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. लहान मुलास घेऊन ती नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपुरात व इतरत्र राहिली, आणि अशी सुमारे पाच वर्षे गेली.

ह्या पाच वर्षांतून आम्ही तीन धडे घेतो.

पहिला धडा हा, की भरवसा दुसऱ्याच्या नावावर जमा होत नाही. टिळकांचा विश्वास मोठा होता. पण तो त्यांच्या पत्नीचा विश्वास नव्हता. पुढे दोघे अहमदनगरास एकत्र आल्यावरही तिने आपला स्वयंपाक वेगळा ठेविला, पाणी वेगळे ठेविले. पती ख्रिस्ती पाळकांबरोबर जेवी, ती आपल्या चुलीपाशी जेवी. मग एके दिवशी ती जातिभेदाचा विचार करू लागली. जन्म आणि मरण, सुख आणि दुःख, देह आणि बुद्धी ही जर सर्व माणसांस सारखीच मिळाली आहेत, तर हे भेद देवाने केले की माणसाने? उत्तर तिच्या मनात आले, आणि ज्या हातचे पाणी ती कालपर्यंत विटाळ मानीत होती, त्या हातचे पिण्यास ती सिद्ध झाली. सोवळ्याच्या घरात वाढलेल्या बाईस हे पाऊल किती जड गेले असेल! परंतु ते तिचे स्वतःचे पाऊल होते, म्हणून ते मागे फिरले नाही. १९०० साली तिचा बाप्तिस्मा झाला. जेवढा उजेड तिला मिळाला तेवढ्यात ती चालली, आणि चालता चालता पुढचा उजेड मिळाला. भरवसा शिकण्याचा ह्याहून दुसरा मार्ग आम्हांस ठाऊक नाही.

दुसरा धडा आम्हांस संत्र्याच्या बागेतून सांगावासा वाटतो. काटोल-नरखेडकडील कोणत्याही बागवानास विचारा. जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेले कलम लाविल्यावर त्यास फळ धरावयास चारपाच वर्षे लागतात. आणि झाड मोठे झाल्यावरही बागवान एक चमत्कारिक गोष्ट करतो. आंबिया बहार घ्यावयाचा असला म्हणजे थंडीच्या दिवसांत तो झाडाचे पाणी तोडतो. ह्यास ताण देणे म्हणतात. पाने मलूल होतात, काही गळतात. अजाण वाटसरू म्हणेल, हा मालक झाड मारावयास निघाला आहे. पण बागवान रोज बागेत फेरी घालतो. हलक्या जमिनीस ताण किती दिवस सोसेल, आणि काळ्या भारी जमिनीस किती, हे तो जाणतो. वेळ येताच तो आळी खणतो, खत घालतो, पाणी सोडतो, आणि सर्व बाग पांढऱ्या फुलांनी भरून जाते. ताण मिळाला नसता तर झाड नुसते पालवत राहिले असते.

लक्ष्मीबाईंची पाच वर्षे हा असा ताण होता असे आम्ही मानतो. माणसांचा एकेक आधार सुटत गेला. यिर्मया संदेष्टा दोन झाडे दाखवितो: माणसावर टेकणारा मनुष्य हा वैराण माळावरील झुडुपासारखा, आणि प्रभूवर टेकणारा मनुष्य हा ओढ्याकाठी मुळे पसरलेल्या झाडासारखा, ज्यास अवर्षणाची काळजी नाही. मुळे खोल जावयाची तर वरचे पाणी कधी तरी आटावे लागते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. ताण देण्याचा अधिकार एकट्या बागवानाचा आहे. नवऱ्याने पत्नीस मारावे, सासूने सुनेस उपाशी ठेवावे, आणि मग त्यांनी किंवा मंडळीच्या वडिलांनी तिला सांगावे की, सोस, ही देवाने दिलेली परीक्षा आहे, हे पाप होय. कोणीही स्वतःस दुसऱ्याच्या जिवाचा बागवान नेमू नये. अशी बहीण मंडळीकडे आली तर तिला आसरा द्यावा, ही देवाची आज्ञा समजावी.

तिसरा धडा टिळकांकडून, आणि तो विशेषेकरून आमच्या उपदेशक बंधूंसाठी व ज्यांची घरे दुभंगलेली आहेत त्यांच्यासाठी आहे. पती प्रभूकडे आला, पत्नी आली नाही. मुलगी आली, आईबाप आले नाहीत. अशी घरे आपल्या प्रत्येक मंडळीत आहेत. तेथे रोज संध्याकाळी एकाच छपराखाली दोन प्रार्थना होतात, किंवा एक प्रार्थना व एक अबोला. अशा घरातील मनुष्य उपदेशकास विचारतो, “माझ्या माणसाचे काय होणार?” आणि उपदेशकाच्या मनात उतावीळ उत्तर येते: दटावा, धाक घाला, घराबाहेर काढण्याची भीती दाखवा, म्हणजे तेही येतील.

टिळक स्वभावाने तापट; वाट पाहणे हा त्यांचा गुण नव्हे. तरी ह्या एका बाबतीत देवाने त्यांस वाट पाहण्यास शिकविले. ते पत्नीस पत्रे लिहीत राहिले. ती आली तेव्हा तिच्या चुलीस व पाण्यास त्यांनी हात लाविला नाही. तिच्या विवेकास ढकलून बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरविले नाही. बळजबरीने मिळविलेले होकार हे उपटून पुन्हा खोवलेल्या रोपासारखे असतात. चार दिवस हिरवे दिसतात. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीस सांगतो की, विश्वास न ठेवणारा सोबती एकत्र राहण्यास राजी असेल तर विश्वासणाऱ्याने त्यास सोडू नये. सोबतीस आपण वाचवू किंवा नाही हे आपणांस ठाऊक नाही, हेही तो तेथेच कबूल करतो. ते न कळता प्रीती करीत राहणे ह्याचेच नाव भरवसा.

ह्याचा अर्थ हात बांधून धुऱ्यावर बसावे असा नाही. दाखल्यातील शेतकरी झोपतो खरा, पण आधी पेरतो, आणि आपण जाणतो की तो डवरणीही करतो, निंदणही काढतो, आणि पीक उभे झाले म्हणजे जागलीलाही जातो. तुमचे आपले माणूस अद्याप आले नसेल तर त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा. त्याच्या रागास रागाने उत्तर देऊ नका. घरातले कष्ट त्याच्यापेक्षा अधिक करा, म्हणजे नवा विश्वास मनुष्यास आळशी करीत नाही हे त्यास दिसेल. एवढे करून रात्री झोपा. रुजविणे तुमच्याकडे सोपविलेले नाही.

आणि ज्यास स्वतःच्याच मनात भरवसा सापडत नाही, त्याने तो असल्याचे सोंग करू नये. मार्काच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप प्रभूपुढे आपला विश्वास आणि आपला अविश्वास दोन्ही एकाच वेळी ठेवितो. प्रभूने त्यास परत पाठविले नाही. मुलगा त्याच दिवशी बरा झाला.

लक्ष्मीबाईंच्या झाडास पुढे बहार कसा आला? १९१९ साली टिळक वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. जी बाई शाळेत गेली नव्हती, जिला अक्षरे पतीने घरीच शिकविली, तिने त्या काव्याचे साठांहून अधिक अध्याय रचले. ज्या नावाने तिचा संसार मोडला होता, त्याच नावाचे चरित्र तिने आपल्या हाताने लिहून काढले. १९३६ साली ती प्रभूकडे गेली. १८९५ साली पंढरपुरात रडत बसलेल्या त्या तरुण बाईस हे कोणी सांगितले असते, तर तिने त्यावर विश्वास ठेविला नसता. आणि ठेविण्याची गरजही नव्हती. त्या दिवशी तिला फक्त तो दिवस काढावयाचा होता.

बंधुभगिनींनो, आपणांसही आजचाच दिवस दिलेला आहे. ह्या आठवड्यात प्रत्येक मंडळीने आपल्यातील दुभंगलेल्या घरांची आठवण करावी, आणि जे अद्याप बाहेर आहेत त्यांच्याविषयी कठोर शब्द न बोलता एक वेळ प्रार्थना करावी. ज्याने मातीत बियास जीव घातला, तो आपल्या माणसांस विसरलेला नाही. त्याची कृपा तुम्हां सर्वांबरोबर असो. आमेन.