सावडीला गेलेली पलटण

आबांना मी उभ्या आयुष्यात एकदाच दुखावलं. साल १९९०. मिरगाला अजून पंधरा-वीस दिवस होते, रानं तापलेली होती. आबा म्हणजे माझे धाकटे चुलते, मराठा पलटणीत हवालदार. दोन वर्षं श्रीलंकेत काढून ते सुट्टीवर आले होते. काळी ट्रंक खांद्यावर घेऊन एस्टीतून उतरले, आईच्या पाया पडले, आणि ट्रंकेतून चहाचा एक डबा काढून वहिनीच्या हातात देत म्हणाले, "लंकेचा हाय. नुसता वास घ्या."

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होतो. पेपर वाचत होतो, म्हणजे सगळं कळतं असं समजत होतो. संध्याकाळी तोच चहा पिताना मी विचारलं, "आबा, पण तुमचं तिथं काय काम होतं?"

आबांनी कपबशी खाली ठेवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाळा, कुठं जायचं त्ये पलटण इचारत न्हाई. किती वाजता निघायचं, येवढंच इचारती."

उठून ते गोठ्याकडं गेले. रात्री जेवलेही नाहीत. आजी मला एवढंच म्हणाली, "शिकलास खरं, पण कुणाला काय इचारावं त्ये शिकला न्हाईस."

या वाक्याचा अर्थ लावण्यात माझी तीस वर्षं गेली.

माझा प्रश्न चुकीचा नव्हता. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. तमिळ भागाला काही अधिकार मिळावेत, तमिळ वाघांनी शस्त्रं खाली ठेवावीत आणि हे नीट पार पडावं म्हणून भारतानं फौज धाडावी, असं ठरलं. नाव दिलं शांतिसेना. दुसऱ्याच दिवशी सलामी देणाऱ्या रांगेतल्या एका लंकेच्या नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. शेजाऱ्याच्या घरात आपल्याला किती मान आहे, ते तिथंच दिसायला हवं होतं. ऑक्टोबरपर्यंत शांतिसेनेची लढाईसेना झाली. समोर कोण? तर ज्यांना काही वर्षांपूर्वी आपल्याच मुलखात शस्त्रं चालवायला शिकवलं होतं, ती पोरं.

पुढं लंकेत प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी भारताला निघून जायला सांगितलं, आणि त्यांच्याच सरकारनं वाघांना शस्त्रं दिली. इकडं दिल्लीतही सरकार बदललं. २४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली. सुमारे १२०० जवान मात्र परत आले नाहीत. मद्रासच्या धक्क्यावर फौज उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. तमिळ माणसांवर चालून गेलेल्या फौजेचं स्वागत कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हणण्यातही दुःख होतं, ते नाकारून चालणार नाही. जाफन्यात साधी तमिळ माणसंही मेली, दवाखान्यातसुद्धा मेली. आबा त्याविषयी कधीच बोलले नाहीत. पण जाफन्याचं नाव निघालं की ते तंबाखू मळायचे थांबायचे, हे मी पाहिलंय.

मित्राला मदत करणं वाईट आहे का? आमच्याकडं तर शेतीच त्यावर चालायची. ज्याच्याकडं एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी सावड करायचा. आज तुझं रान, उद्या माझं. कागद नाही, सही नाही. पण कायदा होता. आजोबा सांगायचे, सावडीला बैल धाडताना धन्यानं आधी रान बघून यावं. दगड किती, विहिरीचा काठ कुठं, आणि औत धरणारा कसा. न बघता बैल धाडला आणि त्याचा पाय मोडला, तर दोष रानवाल्याचा आठ आणे आणि धन्याचा आठ आणे. बैलाचा एक पैही नाही. आणि मोडक्या पायाचा बैल कसायाला देणाऱ्याशी पुन्हा कुणी सावड करत नसे.

पुढं कधीतरी हे मी आबांना ऐकवलं. मला वाटलं, मनासारखं बोललो. तर ते भडकलेच. "आमी काय बैल व्हतो व्हय रं? बैलाला ठावं नसतं कुठं न्हेत्यात. आमाला ठावं व्हतं. तरीबी गेलो."

ते बरोबर होतं, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. माहीत असूनही माणूस का जातो?

आबा देशासाठी गेले असं सरसकट म्हणता येईल. पण त्यांच्या बोलण्यात देश क्वचित यायचा, पलटण रोज यायची. फौजेत तीन शब्द शिकवतात: नाम, नमक, निशान. बेळगावच्या सेंटरवर कसम घेतलेला आमचा माणूस मरेपर्यंत ते तीन शब्द विसरत नाही. ४ फेब्रुवारीला आबा घरी असले तरी दाढी करून, धुतलेले कपडे घालून बसायचे. तो मराठा दिवस, १६७० साली कोंढाणा घेतला त्याची आठवण. चुलती हसायची, "लढाई झाली तानाजीची, आन् न्हातोय ह्यो!"

या परंपरेची गंमत अशी, की तिची मुळं भलतीकडंच आहेत. मराठ्यांची जी पहिली पलटण, जंगी पलटण, ती कंपनी सरकारनं १७६८ साली मुंबईत उभी केली. म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावानं गर्जना करणारी पलटण मुळात पेशवाईच्या शत्रूनं बांधली. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर इराकात कुतला वेढ्यात अडकल्या. चार-पाच महिने उपास काढून २९ एप्रिल १९१६ ला सगळ्यांना शरण जावं लागलं, आणि पुढं कैदेत कितीतरी मेले. आमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी गावानं त्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. ती कुणाची लढाई होती? नमक तरी कुणाचं होतं?

परंपरा सरकार जोडतं आणि सरकारच तोडतं. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्यांना एका फटक्यात सांगितलं, तुम्ही लढवय्ये नाही. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार, त्यांच्या पिढीनं तो अपमान गिळला. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा महारांची पलटण उभी केली आणि गरज सरल्यावर मोडली. १९४१ ला पुन्हा गरज लागली तेव्हा महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले तमिळ माणूस, २५ नोव्हेंबर १९८७ ला श्रीलंकेत छातीत गोळी लागल्यावरही लढत राहिले आणि तिथंच पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. महारांच्या नावाची पलटण, तमिळ अधिकारी, समोर तमिळ वाघ. जातीचा, भाषेचा सगळा हिशेब तिथं संपला होता. उरली होती ती पलटण.

म्हणून मला वाटतं, आबांच्या त्या वाक्यात आंधळेपणा नव्हता. सरकारं बदलतात, मित्राचे शत्रू होतात, शत्रूचे मित्र होतात. शिपायानं प्रत्येक वेळी आधी धोरण तपासलं तर फौज राहणार नाही, आणि बंदूकवाला स्वतःच धोरण ठरवायला लागला तर लोकशाही राहणार नाही. तेव्हा तो आपली निष्ठा दिल्लीवर न ठेवता शेजारच्या माणसावर ठेवतो. डाव्या बाजूला कोण, उजव्या बाजूला कोण, एवढंच बघतो. त्याला जगवणारी आणि मरायला धीर देणारी गोष्ट तीच.

पण याच गोष्टीत मोठा धोकाही आहे. जो कारण न विचारता जातो, त्याला कारण न देता धाडायची सवय लागते. पलटणीची इज्जत एवढी पक्की असते, की सरकारची चूकसुद्धा तिच्या आड लपून जाते. कुणी विचारलं, फौज का धाडली? तर उत्तर येतं, आमचे जवान किती शूर! अहो, शूर आहेतच. तो प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. आणि ही ढाल फक्त सरकारच वापरतं असं नाही. आम्ही गावकरीही वापरतो. वेशीवर कमान बांधतो, हार घालतो, आणि पुन्हा मतदानाच्या दिवशी हा विषय काढत नाही.

मग मदतीला फौज धाडूच नये का? असं मी म्हणत नाही. शेजारचं घर पेटलं तर बादली घेऊन धावावंच लागतं. पण धाडणाऱ्यानं आधी रान बघावं, आणि नंतर उंबऱ्यापर्यंत यावं. हा दुसरा भाग मला कोंढाण्याच्या गोष्टीतून कळला. ती गोष्ट आम्ही गड जिंकल्याची म्हणून सांगतो. पण जुनी माणसं ती तिथं संपवत नाहीत. रायबाचं लग्न टाकून तानाजी गेला, पडला, आणि मग महाराजांनी उमरठ्याला जाऊन ते लग्न स्वतः लावून दिलं, असं ती सांगतात. यातलं इतिहासाला किती धरून, ते जाणकार ठरवोत. पण पिढ्यान्‌पिढ्या लोकांना गोष्टीचा शेवट असाच हवा होता. धाडणारा धनी मेलेल्याच्या मांडवात उभा राहिला, तरच ती गोष्ट पुरी होते. मद्रासच्या धक्क्यावर ती अर्धी राहिली.

ती पुरी करायचं काम मग आबांसारख्यांनी केलं. त्यांच्या सेक्शनमधला कोल्हापूरकडचा एक नाईक जाफन्यात सुरुंगावर गेला. पेन्शन मिळाली, खोटं कशाला बोला. पण एका कचेरीत एका कागदासाठी त्याच्या बायकोला वर्षभर हेलपाटे घातले. तो कागद आबांनी स्वतः फिरून मिळवला. दर दिवाळीत भाऊबीजेला ते एस्टीनं तिकडं जायचे. नाइकाच्या पोरीच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटामागं उभे राहिले. हुकूम नव्हता, भत्ता नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "त्यो असता तर माज्या पोरीच्या लग्नात हुबा राह्यला असता." पलटणीची परंपरा म्हणजे काय, हे मला ४ फेब्रुवारीच्या दाढीपेक्षा या एस्टीच्या तिकिटानं जास्त शिकवलं.

लंकेनं पुढं कोलंबोजवळ आपल्या जवानांचं स्मारक बांधलं, नावं कोरली. ज्यांनी निघून जा म्हटलं, त्यांनी! दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक झालं ते २०१९ साली. तिथं लंकेत पडलेल्यांची नावं आहेत.

दोन वर्षांपूर्वी त्या नाइकाची पोरगी नवऱ्याबरोबर दिल्लीला गेली आणि तिनं बापाच्या नावाचा फोटो धाडला. आबांना आता नीट दिसत नाही. मी मोबाइल त्यांच्या डोळ्यांजवळ धरला, अक्षरं मोठी केली. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडतील. रडले नाहीत.

त्या १९९० च्या संध्याकाळची माफी मी तेव्हाच मागितली. "आबा, मी तुम्हाला विचारायला नको होतं."

"इचारायचं व्हतं," आबा म्हणाले, "पन मला न्हवं."

मग जरा थांबून त्यांनीच विचारलं, "पोरगी गेली तवा तिथं तिला कुनी काय इचारलं का? कुनाची हाईस, कुठनं आलीस?"

मला ते माहीत नव्हतं. फोन लावून विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.