घरची शाळा आणि घरच्यांच्या शंका

गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्या मांडवात नात्यातल्या एका मावशींनी आमच्या मुलाला जवळ घेतले आणि विचारले, “कितवीत आहेस रे तू?” तो क्षणभर गोंधळला. आमच्याकडे पाहत म्हणाला, “मी घरी शिकतो.” मावशींचा चेहरा उतरला. त्याला आइस्क्रीम आणायला पाठवून त्यांनी आम्हांला हळूच विचारले, “काय झालं? शाळेनं काढून टाकलं का?”

आम्ही हसून वेळ मारून नेली. पण घरी येताना आम्ही दोघेही गप्प होतो. गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न आम्हांला किती जणांनी, किती प्रकारे विचारला असेल! कधी काळजीने, कधी कुतूहलाने, तर कधी टोमणा मारून. आज थोडे मागे वळून पाहताना वाटते, त्या प्रश्नांना आम्ही दिलेल्या उत्तरांपेक्षा त्या प्रश्नांनीच आम्हांला जास्त शिकवले. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुलगा तिसरीत होता. दर रविवारी संध्याकाळी त्याच्या पोटात दुखू लागे. डॉक्टरांनी तपासले, औषध देण्यासारखे काही नव्हते. त्याला अक्षरे उशिरा उमगत होती, वर्ग मोठा होता आणि तो हळूहळू बोलेनासा झाला होता. दोष कोणाचा, हे ठरवण्यासाठी आम्ही लिहीत नाही. त्याच वर्गातली इतर मुले हसतखेळत शिकत होती. पण हाच मुलगा सुट्टीच्या दिवशी वाडीतल्या बावखलात दोरीला दगड बांधून सोडी, पाणी किती खोल आहे ते मोजी आणि पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे आकडे भिंतीवर कोळशाने लिहून ठेवी. आमच्यापैकी एकीने काही वर्षे शिक्षिका म्हणून काम केले होते. खूप विचार आणि प्रार्थना करून आम्ही ठरवले, याला काही काळ घरीच शिकवू.

निर्णय घेणे सोपे होते. तो घरात सांगणे कठीण होते.

आमचे बाबा मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या लहानपणी ते शेताच्या बांधावरून अनवाणी शाळेत जात. आमच्या वसईत धर्मग्रामांनी, धर्मगुरूंनी आणि धर्मभगिनींनी उभारलेल्या शाळांमुळे कष्टकरी घरांतली मुले शिक्षक, परिचारिका, बँकेतले कर्मचारी झाली, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नाही, डोळ्यांनी पाहिले आहे. आमचे बोलणे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “शाळा मिळावी म्हणून आम्ही मैलोन् मैल चाललो. तुम्ही दारातली शाळा सोडता?” आणि उठून आत गेले. पुढचा महिनाभर ते आमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलत होते.

तेव्हा आम्हांला त्यांचा राग आला. आज वाटते, तो प्रश्न हट्टाचा नव्हता, कृतज्ञतेचा होता. ज्या शिडीने एक अख्खा समाज वर चढला, ती शिडी आपलाच नातू नाकारतो आहे, हे त्यांना कसे सहन व्हावे?

मित्रमंडळींच्या शंका जास्त व्यावहारिक होत्या. ‘हे कायद्यात बसते का?’, ‘दहावीचे काय?’, ‘त्याला मित्र कुठून मिळणार?’ या प्रश्नांमुळे आम्हांला अभ्यास करावा लागला. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात घरच्या शिक्षणाचा वेगळा उल्लेख नाही. मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे असे कलम १० म्हणते, मात्र तसे न केल्यास पालकांना शिक्षा त्यात सांगितलेली नाही. म्हणजे आम्ही मोकळ्या रस्त्यावर नाही, अरुंद पायवाटेवर आहोत, हे मान्य करायला हवे. पण त्याच कायद्याचे कलम ४ असेही सांगते, की शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे. परतीचे दार उघडे आहे, हे वाचून आमच्या जिवात जीव आला. पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा आहे. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीलाही १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. मित्रांचे म्हणाल, तर तो संध्याकाळी मैदानावर फुटबॉल खेळतो आणि रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला जातो. तरीही डबा वाटून खाणारा बाकावरचा सोबती त्याला नाही. ही उणीव आहे आणि ती आम्ही झाकत नाही.

पण ज्या शंकेने आम्हांला खऱ्या अर्थाने जागे केले, ती होती आमच्या वहिनींची. एका संध्याकाळी आम्ही मोठ्या उत्साहाने सांगत होतो, की आजची शाळा म्हणजे कारखाना झाली आहे, मुलांचे बालपण तिथे हरवते, वगैरे वगैरे. वहिनी भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “म्हणजे आम्ही आमच्या दोघांना शाळेत पाठवतो, ते आमचं चुकतंय का?”

आम्हांला उत्तर सुचेना. एका मुलासाठी घेतलेल्या निर्णयाचे आम्ही सगळ्या मुलांसाठी तत्त्वज्ञान केले होते. त्याला आम्ही ‘ठामपणा’ म्हणत होतो. नीट पाहिले तर तो गर्व होता. स्वतःची भीती लपवण्यासाठी माणूस दुसऱ्याच्या वाटेला नावे ठेवतो. दुसऱ्या दिवशी आम्ही वहिनींची माफी मागितली.

लिझ्यूच्या संत तेरेजाची गोष्ट आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती. थोरल्या बहिणींनी तिला घरीच शिकवले. १८८१ साली, आठ वर्षांची असताना, ती बेनेडिक्टाइन धर्मभगिनींच्या शाळेत जाऊ लागली. तिथला काळ आयुष्यातला सर्वांत दुःखाचा होता, असे तिने पुढे आत्मचरित्रात नमूद केले. १८८६ साली वडिलांनी तिला शाळेतून काढले आणि खासगी शिक्षिकेकडे पाठवले. पण तिची बहीण सेलीन त्याच शाळेत आपले शिक्षण पुरे करून बाहेर पडली. एकच घर, एकच शाळा, मुली दोन. त्या वडिलांनी शाळेला वाईट ठरवले नाही, आपल्या लेकीला ओळखले. त्या मातापित्यांना, लुई आणि झेली मार्टिन यांना, २०१५ साली ख्रिस्तसभेने संत म्हणून घोषित केले.

दुसरे उदाहरण मात्र आम्हांला घाबरवते. दक्षिण आफ्रिकेत महात्मा गांधींना आपल्या मुलांना युरोपियनांच्या शाळेत घालता आले असते. पण जे इतर हिंदी मुलांना मिळत नाही, ते आपल्या मुलांना मेहेरबानी म्हणून नको, या विचाराने त्यांनी मुलांना घरीच शिकवले. हेतू किती थोर! पण कामाच्या रगाड्यात शिकवायला पुरेसा वेळ मिळाला नाही, हे त्यांनी स्वतःच कबूल केले आहे. मुलांच्या मनात सल राहिला. थोरला हरिलाल १९११ साली वडिलांपासून दूर झाला आणि शिकण्यासाठी भारतात परतला. त्यांच्यातल्या दुराव्याचे एक कारण हे अपुरे राहिलेले शिक्षण होते. आईवडिलांचे तत्त्व कितीही उदात्त असो, त्याची किंमत मूल मोजते. जिथे महात्म्याची ही गत, तिथे आमची काय कथा?

मग प्रश्न उरतो, मूल कोणाचे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे घोषणापत्र प्रसिद्ध केले, त्यात आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत असे म्हटले आहे. सुरुवातीला आम्ही हे वाक्य ढालीसारखे वापरत होतो. एकदा आमच्या धर्मगुरूंनी हसत विचारले, “पुढचं वाचलंत का?” पुढे असे म्हटले आहे, की हे काम कुटुंबाला एकट्याने पेलणारे नाही, त्याला संपूर्ण समाजाची मदत लागते. शिवाय शक्य तिथे मुलांना कॅथोलिक शाळांत पाठवावे आणि त्या शाळांना आधार द्यावा, याचीही पालकांना आठवण करून दिली आहे. आम्ही निम्मेच वाचले होते!

शिक्षिका असलेल्या एका मैत्रिणीनेही हीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगितली. “वेळ देणारे, प्रश्न विचारणारे पालकच शाळेतून निघून गेले, तर शाळा सुधारणार कशी?” याचे पुरते उत्तर आमच्यापाशी आजही नाही. एवढेच केले, की दर शनिवारी आमच्या घराच्या ओटीवर आजूबाजूची, वाचनात मागे पडलेली पाचसहा मुले येतात. आमचा मुलगाही त्यांच्यात बसतो. कर्ज फिटले असे नाही, पण कर्ज आहे याचे भान राहते.

बाल येशूचा मंदिरातला प्रसंग आम्ही या काळात पुन्हा पुन्हा वाचला. येशू बारा वर्षांचा होता. यरुशलेमहून परतताना तो आपल्या सोबत नाही, हे मरिया आणि योसेफ यांना एका दिवसाच्या वाटेनंतर कळले. का? तो नातेवाइकांत आणि ओळखीच्यांत असेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. नाझरेथच्या त्या घराचा आपल्या आप्तांवर केवढा विश्वास! आणि तीन दिवसांनी तो सापडला तो कुठे? गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकताना आणि प्रश्न विचारताना. सगळ्यांत पवित्र घरातल्या मुलालाही आप्त लागले, गुरुजन लागले. मग आमचे घर एकटे कसे पुरे पडेल?

बाबांचे आणि आमचे बोलणे शेवटी त्यांनीच सुरू केले. एका दुपारी ते म्हणाले, “तुम्ही मला सांगितलंत, धर्मगुरूंना विचारलंत. त्या पोराला विचारलं का?” खरे तर नव्हते विचारले. त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम झाला. दर मे महिन्यात आम्ही दोघे, बाबा आणि मुलगा एकत्र बसतो. वर्षभरात काय जमले, काय राहिले, ते वहीत लिहितो आणि पुढच्या वर्षाचा निर्णय नव्याने घेतो. गेल्या वर्षी तो म्हणाला, “अजून एक वर्ष घरी.” यंदा म्हणाला, “आठवीला शाळेत जाऊन बघू का?” आम्ही हो म्हटले. घरची शाळा यशस्वी झाली हे सिद्ध करण्यासाठी त्याला घरी ठेवणे, हे त्याच्यावर अन्याय करणारे ठरेल.

बाबांना आमचा निर्णय अजूनही पटलेला नाही. पण रोज दुपारी तीन वाजता ते चष्मा पुसून बसतात आणि नातवाला मराठी शिकवतात. बावखलाच्या पाण्याचे आकडे आता भिंतीवर नाहीत, बाबांनी आखून दिलेल्या वहीत आहेत. सहमती झाली नाही, सोबत मात्र झाली.

प्रिय वाचकहो, तुमच्या नात्यात कोणी वेगळी वाट धरली, तर तुमची शंका जरूर बोलून दाखवा, पण त्यांच्याशी बोलणे सोडू नका. आणि वेगळी वाट धरणाऱ्या आमच्यासारख्यांनो, शंका घेणारा प्रत्येक जण आपला विरोधक नसतो. त्यातले पुष्कळ जण आपल्या मुलावर आपल्याइतकेच प्रेम करीत असतात. पुढच्या लग्नात मावशी भेटल्या, की आम्ही हसून वेळ मारून नेणार नाही. त्यांच्याशेजारी बसून सगळे सांगू आणि त्यांना विचारू, “मावशी, तुम्ही याला काय शिकवाल?”