सरांचा नंबर

शिक्षकाने विद्यार्थ्याशी स्वतःच्या मोबाइलवरून बोलावे का, हा पुण्या-मुंबईत शिस्तीचा प्रश्न आहे. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडे तो आधी गरजेचा आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले की घरातला एकुलता फोनही त्यांच्याबरोबर जातो. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा व्हॉट्सॲपचे गट शिक्षकांनी आपापल्या नंबरावरूनच उघडले. दहावीनंतर चंद्रपूरला शिकायला गेलेली मुलगी महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला की गावच्या सरांनाच विचारते. आपण ज्याला खाजगी म्हणतो, तो नंबर शाळेची कचेरी होऊन बसला आहे. मात्र या कचेरीला ना वेळ, ना आवक-जावक, ना वर कोणी पाहणारा.

आश्रमशाळेत गुरुजी रात्रंदिवस मुलांजवळच असतात, मग फोनचेच सोवळे कशाला, असे कोणी विचारील. पण तिथे अधीक्षिका असते, स्वयंपाकी असतो, व्हरांड्यात इतर मुले असतात. रात्री अकराचा निरोप यांतल्या कोणालाच दिसत नाही. पालक पाहतील म्हणावे, तर घरात माडिया बोलणाऱ्या आईला मराठी निरोप वाचता येईलच असे नाही. 2023 च्या विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती मागितली आहे, ती इथे अंगठ्यापुरती उरण्याची भीती आहे.

सरसकट बंदीने हे सुटत नाही. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याने 2011 मध्ये शिक्षक-विद्यार्थ्यांच्या खाजगी ऑनलाइन संपर्कावर बंदी घालणारे कलम कायद्यात आणले. न्यायालयाने ते रोखले आणि विधिमंडळाला ते त्याच वर्षी मागे घ्यावे लागले. महाराष्ट्राने जुलै 2025 मध्ये सरकारी कर्मचाऱ्यांना समाजमाध्यमांवरची वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायला सांगितले. रास्त आहे. पण शाळेला सिमकार्ड द्यायचे नाही आणि शिक्षकाला मात्र खाते वेगळे ठेव म्हणायचे, हा सरकारी कावा झाला. शाळेचा एक नंबर हवा, तो शाळेतल्या दोघांना दिसणारा, त्यांतली एक बाई.

दोघांना दिसणाऱ्या नंबरावर मुलगी आपले दुखणे सांगणार नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. म्हणून एकटीने लिहिण्याची वाट बुजवू नये. फक्त शिक्षकाने ‘कोणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नये; अत्याचार कळला तर पोलिसांना कळवणे 2012 च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. आणि तक्रारच त्या दोघांविरुद्ध असेल तर मुलांच्या मदतीचा 1098 हा नंबर वसतिगृहाच्या भिंतीवर हवा, माडियातल्या दोन ओळींसह.