जुना खेळ मोडण्याचा अधिकार

करमणुकीच्या वस्तूविषयी कोणी गंभीरपणे तक्रार करू लागला म्हणजे शहाणी माणसे हसतात. खेळ तो खेळ; एक गेला, दुसरा आला, त्यात शोक कसला? परंतु या हसण्याआड नीतीचा एक प्रश्न झाकला जातो, आणि त्याकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते. निर्मात्याने आपल्या कृतीची नवी आवृत्ती काढली, तर जुनी लोकांच्या हातून काढून घेण्याचा अधिकार त्यास पोहोचतो काय?

'ओव्हरवॉच' या संगणकीय खेळाचेच उदाहरण घेऊ. ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने तो मे २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. सहा-सहा खेळाडूंचे दोन पक्ष. त्यांत कोणी नेमबाज, कोणी सोबत्यांच्या जखमा भरून काढणारा, तर कोणी शत्रूचा मारा अंगावर झेलून आघाडी धरणारा. या शेवटच्यास खेळाडू 'टँक' म्हणतात. २०१९ साली प्रत्येक कामावर दोघे-दोघे असा नियम ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात दुसऱ्या भागाची घोषणा झाली. आपसांतील सामन्यांखेरीज, सर्वांनी एकजुटीने यंत्रचालित शत्रूशी लढावे व आपल्या वीराचे सामर्थ्य क्रमाक्रमाने वाढवावे, असा मोठा नवा विभाग त्यात येणार होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये दुसरा भाग आला आणि पहिला बंद झाला. पक्षात पाचच खेळाडू उरले, व टँक एकच. मे २०२३ मध्ये त्या नव्या विभागाचा मुख्य बेत सोडून दिल्याचे जाहीर झाले.

जुन्या खेळाडूचे यात काय हरपले? दोन टँकांपैकी एकाने पुढे मुसंडी मारावी, दुसऱ्याने मागच्यांचे रक्षण करावे; केव्हा कोणी हलावे हे न बोलता उमगावे, यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागे. ते कौशल्य त्या नियमांबाहेर नेता येत नाही. कुस्तीचा डाव जसा जोडीदारावाचून व्यर्थ, तसेच हे. ज्याची जागाच पटावरून उठली, त्यास 'नव्याशी जुळवून घे' असे सांगणे सोपे आहे. पण त्याने काय गमावले याचे ते उत्तर नव्हे.

यावर कोणी म्हणेल, नियम बदलण्याचा हक्क निर्मात्यास नाही काय? तो आहेच. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बुद्धिबळातील वजिराची चाल पालटली आणि डाव वेगवान झाला. तथापि कोणाच्या घरातील जुना पट जप्त झाला नाही. आपल्याकडे देशी रीतीचे डाव त्यानंतरही शतकानुशतके रंगत राहिले. क्रिकेटमध्ये २००३ साली वीस षटकांचे सामने सुरू झाले. त्यासाठी कसोटी सामने मोडावे लागले नाहीत. जुन्या-नव्याची निवड तेथे खेळणाऱ्यांनी व पाहणाऱ्यांनी केली. येथे मात्र खेळ दूरच्या यंत्रावर चालतो; ते यंत्र थांबले की पैसे मोजून घेतलेली वस्तूही निरुपयोगी होते.

निर्मात्याची बाजूही दुबळी नाही. यंत्रे चालविण्यास खर्च येतो. खेळाडू दोन खेळांत विभागले गेले तर दोन्हीकडे मैदान ओस पडण्याचे भय असते. शिवाय दुसरा भाग विनामूल्य झाल्याने, ज्यांस पहिला घेणे परवडले नव्हते त्यांनाही दार उघडले. हे लाभ आम्ही क्षुल्लक मानीत नाही. जुने अनंतकाळ जिवंत ठेवा, अशी मागणी कोणीही न्यायाने करू शकत नाही.

परंतु मोबदल्याचा हिशेब येथेच मांडावा लागतो. जे केवळ नव्याची भर घालतात, त्यांचे नवे फसले तरी लोकांपाशी जुने उरते. जे जुने उचलून त्या जागी नवे ठेवतात, त्यांचे वचन हे निव्वळ जाहिरात राहत नाही. ते ऋण होते. वचन दिलेला विभाग आला नाही, आणि जुना खेळ मात्र गेला. खेळाडूच्या निराशेत जो न्याय्य अंश आहे तो हाच. नोव्हेंबर २०२४ मध्ये काही दिवस २०१६ चे रूप पुन्हा खेळावयास दिले गेले व डिसेंबरात सहा-सहांचे सामने प्रयोगादाखल सुरू झाले, यावरून ती निराशा केवळ हटवाद नव्हती, असे आम्ही समजतो.

आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करताना मूर्ती आधी सुरक्षित स्थळी ठेवतात, पूजा खंडित होऊ देत नाहीत, आणि मग जुन्या भिंतीस हात लावतात. नवे बांधू नये असा त्याचा अर्थ नव्हे. जे दुसऱ्यांच्या प्रीतीने उभे राहिले, ते एकट्या मालकाचे उरत नाही, एवढेच त्या रीतीतून शिकावयाचे आहे.