इंजिन तेच, फक्त सगळं बदललंय

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, वाळवंटाच्या कुशीत, लंडनचा पूल उभा आहे. ही थट्टा नव्हे. जॉन रेनीच्या आराखड्यावर बांधलेल्या आणि १८३१ मध्ये थेम्सवर खुल्या झालेल्या या दगडी पुलाला विसाव्या शतकातली वाहतूक पेलवेना, तेव्हा लंडनकरांनी तो चक्क विकायला काढला. १९६८ मध्ये रॉबर्ट मॅकलक नावाच्या उद्योगपतीने चोवीस लाख साठ हजार डॉलर मोजून तो घेतला. दगडांवर क्रमांक घातले, ते जहाजाने आणले आणि १९७१ मध्ये लेक हवासू सिटी या नव्याकोऱ्या गावात पूल पुन्हा उभा केला. फक्त आतून तो आता सिमेंट-काँक्रीटचा आहे. लंडनचा दगड वरून सालीसारखा चढवलाय.

मॅकलकचा धंदा लाकूड कापायच्या यांत्रिक करवतींचा आणि बोटींच्या इंजिनांचा. कोलोरॅडो नदीवरच्या हवासू जलाशयाकाठची जागा त्याने मुळात हेरली ती इंजिनांच्या चाचण्यांसाठी. पुढे याच पाण्यात वर्षानुवर्षं जेटस्कीच्या जागतिक अंतिम शर्यती भरल्या. पूल खरा का खोटा, असा वाद काठावरचे पर्यटक घालतात आणि समोर पाण्यात तोच वाद पोटात घेऊन एक यंत्र किंचाळत फिरत असतं: उभ्याने चालवायची जेटस्की.

ती बसायच्या जेटस्कीपेक्षा वेगळी. हिला आसन नाही. पुढे वर-खाली होणारा दांडा, मागे पाय ठेवायला खोलगट जागा आणि मधल्या झाकणाखाली इंजिन. क्लेटन जेकबसन या मोटारसायकलवेड्या माणसाच्या डोक्यातून ती निघाली, कावासाकीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ती बाजारात आणली, आणि १९९० मध्ये यामाहाची सुपरजेट आली. सुरुवातीची ६३३ सीसी, नंतर ७०१, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. आपल्याकडे आरएक्स १०० वर ज्यांनी जीव टाकला, त्यांना हे इंजिन वेगळं समजावून सांगायला नको.

हौशी माणूस अशी जुनी सुपरजेट घेतो आणि पहिल्या पावसाळ्यात आपण घराला जसं हात घालतो तसा तिला हात घालतो. एक गळती काढायला जावं तर चार निघतात. आधी कार्बोरेटर बदलतो, मग हेड, मग पाइप. बोअर-स्ट्रोक ८१ बाय ६८ मिलिमीटर, म्हणून ७०१ सीसी. क्रँकचा स्ट्रोक चार मिलिमीटरने वाढवला की तेच इंजिन ७४२चं होतं. मग वाढीव क्रँकला सोसेल असा सिलिंडर येतो, कार्बन फायबरचे रीड येतात, बॅटरी चार्ज करणारी जड व्यवस्था काढून हलकं फ्लायव्हील बसतं. शेवटी फायबरची मूळ बॉडीही जाते आणि हलकी नवी येते. आता कुणी विचारलं, ‘कुठली गाडी?’ तर तो बिनदिक्कत सांगतो, ‘शहाण्णवची सुपरजेट.’

खोटं बोलतोय का तो?

हा प्रश्न आपल्याकडे बावीसशे वर्षांपूर्वीच्या राजाशी जोडलेला आहे. मिनँडर हा ग्रीक राजा, पाली ग्रंथातला मिलिंद, सागल नगरीत भिक्खू नागसेनाला भेटायला गेला. नागसेन म्हणाला, नागसेन हे नुसतं नाव आहे, त्यामागे कुणी व्यक्ती सापडत नाही. राजाने त्याला कोंडीत पकडायचा प्रयत्न केला, तेव्हा भिक्खूने उलट विचारलं: महाराज, आपण रथातून आलात ना? मग दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाकं? लगाम? हे सगळं मिळून रथ, की या सगळ्यावेगळा आणखी कुठला रथ? राजा प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेला आणि स्वतःच अडकला. (डॉ. आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादमधल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं आणि परिसराला नागसेनाचं नाव दिलं, ते उगाच नव्हे. या संवादात राजा प्रश्न विचारतो आणि हरल्यावर मान्य करतो.)

या संवादाचा सर्रास काढला जाणारा अर्थ असा, की रथ नाहीच, भागच खरे. नागसेन तेवढ्यावर थांबत नाही. भागांच्या आधाराने ‘रथ’ हा शब्दव्यवहार चालतो, असं तो राजाकडूनच वदवून घेतो. न्यायदर्शन मानणाऱ्या नैयायिकांना एवढ्याने समाधान नव्हतं. त्यांचं म्हणणं, अवयवांहून वेगळा अवयवी, म्हणजे अख्खी वस्तू, खरोखर असतो. नाहीतर एक टोक धरून ओढलं तर अख्खी वस्तू कशी येते? जेटस्कीचा दांडा धरून तिला पाण्याबाहेर ओढणाऱ्याला हा युक्तिवाद एका झटक्यात पटेल. पण अवयवी मानायची किंमत मोठी आहे. वैशेषिकांच्या हिशोबाने कापडातला एक धागा काढला की जुनं कापड नष्ट होतं आणि नवं जन्मतं. म्हणजे पिस्टनची एक रिंग बदलली की जुनं इंजिन मेलं! या न्यायाने हौशी माणसाच्या गॅरेजात दर रविवारी एक सुतक.

गंमत अशी, की या वादात इंजिन बांधणाऱ्याला साक्षीला बोलवलं तर तो भागांबद्दल फारसं बोलतच नाही. तो बोलतो पिस्टन आणि हेड यांच्यातल्या गॅपबद्दल. हेड बसवल्यावर तो प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत सरकवतो, तिचं टोक सिलिंडरच्या भिंतीला टेकवतो आणि क्रँक हाताने फिरवतो. पिस्टन वर येतो, तार चेपते. ती बाहेर काढून चेपलेल्या टोकाची जाडी कॅलिपरने मोजायची. पिस्टन पिनवर किंचित डुलतो, म्हणून पिनच्या रेषेतच दोन्ही बाजूंना मोजायचं. जाडी साधारण मिलिमीटरभर हवी. जास्त आली तर कडेचं मिश्रण नीट जळत नाही, वेळेआधी आपोआप भडकतं आणि ते खडखडणं पिस्टनला भोक पाडू शकतं. फार कमी आली तर वाढत्या फेऱ्यांत कनेक्टिंग रॉड ताणला जाऊन पिस्टन हेडवर आपटतो. सारे भाग अव्वल असून एका पातळ गॅस्केटच्या फरकाने इंजिन धड किंवा भंगार ठरतं. ही पोकळी कुठल्याच पार्टच्या यादीत नसते.

दुसरी गोष्ट याहून नवलाची. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग जळलेल्या धुराबरोबर बाहेर निसटतो. पाइप फुगीर करून पुढे निमुळता केला, तर दाबाची लाट त्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत निसटलेलं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीत एमझेडच्या शर्यती मोटारसायकलींवर वाल्टर काडेनने १९५०च्या दशकात हे तंत्र पक्कं केलं. जेटस्कीत त्यावर आणखी एक कडी. पाइपात पाणी सोडलं की वायू थंड होतो, लाट सावकाश परतते, आणि कमी फेऱ्यांत जोर मिळतो. वरच्या फेऱ्यांत पाणी तोडलं की वायू तापतो, लाट झपाट्याने येते. इंजिनाची निम्मी करामत या लाटेत, आणि लाट काही सुटी काढून टेबलावर ठेवता येत नाही.

म्हणून नागसेनाचा निकाल मान्य, पण त्यात एक दुरुस्ती हवी. नाव भागांच्या आधारावर उभं असेलही, पण त्याहून जास्त ते भागांच्या परस्परसंबंधावर उभं आहे. नव्या रिंगा घातल्यावर इंजिन काही काळ जपून चालवावं लागतं ते यासाठीच. रिंग त्या एका सिलिंडरला घासून घासून बसते. मग ती काढून दुसऱ्यात घातली तर तशी बसत नाही. ही ओळख कुणी ठोकून दिलेली नसते, ती चालता चालता तयार होते.

यात एक अडचण उरते, आणि ती तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जने १६५५ मध्येच दाखवून ठेवली. थिसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या, पण काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्यांचंच दुसरं जहाज जोडलं तर? आता खरं जहाज कोणतं? जेटस्कीच्या जगात ही कल्पना नाही, व्यवहार आहे. काढलेलं मूळ इंजिन कुणी फेकत नाही. ते दुसऱ्या बॉडीत जातं आणि त्या गाडीचा मालकही छातीवर हात ठेवून ‘मूळ इंजिन’ म्हणतो. दोघेही खरं सांगतात.

कायद्याला इतका वेळ नाही. अमेरिकेत १९७२ पासून बोटींच्या बॉडीवर ओळख क्रमांक असतो. तो असेल ती बोट, आत काहीही भरा. शर्यतीचे नियम वेगळ्या ठिकाणी रेघ ओढतात: कारखान्यातून आली तशी, ठरावीक बदल केलेली आणि जवळपास मोकाट, असे वर्ग पाडायचे आणि कोणत्या वर्गात कोणता भाग मूळचाच हवा ते लिहून ठेवायचं. तत्त्वज्ञाला ही पळवाट वाटेल. पण निदान इथे खोटं कुणाला म्हणायचं हे आधी ठरलेलं असतं, आणि नावाला जबाबदारी चिकटते ती अशाच ठिकाणी. जुनी गाडी विकणाऱ्याने ‘शहाण्णवची सुपरजेट’ म्हणावं खुशाल. पण त्याखाली काय काय बदललंय ती यादी न देता म्हटलं, तर ती लबाडीच.

आणि कारखान्याला तरी कोण विचारणार? २०२१ मध्ये यामाहाने दोन सिलिंडरांचं टू-स्ट्रोक काढून तीन सिलिंडरांचं १०४९ सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन बसवलं, बॉडीही नव्याने आखली. नाव सुपरजेटच ठेवलं.